नागपूरहून सॅन फ्रान्सिस्को १३ हजार किलोमीटर, मग वर्ध्याच्या माणसाला २९ तास का लागतात?

मोबाईलवर 'नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को अंतर' असं शोधलं की एका सेकंदात उत्तर येतं: सुमारे १३,११० किलोमीटर. प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला तर साडेचौदा तास होतात. पण वर्ध्यातून निघून कॅलिफोर्नियाला पोहोचलेल्या कुणालाही विचारा, एवढ्या वेळात तिथे गेलेला माणूस भेटणार नाही. उत्तर येईल 'सव्वा दिवस गेला' किंवा 'दीड दिवस गेला'.

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी इथली अनेक मुलं शिक्षण आणि नोकरीसाठी परदेशात आहेत. एरवी हा फरक फक्त कंटाळ्याचा असतो. पण घरात कुणी दवाखान्यात दाखल झालं आणि मुलाला तातडीने यायचं असलं, तर 'तो कधी पोहोचेल?' या प्रश्नावर बरेच निर्णय थांबलेले असतात. अशा वेळी साडेचौदा तास हे उत्तर चुकीचं तर असतंच, शिवाय ते घरच्यांना खोटी आशाही लावतं.

मग खरं उत्तर काय? आणि ते गेल्या काही वर्षांत का बदललं? समजून घेऊया.

इंटरनेटवर दिसणारं अंतर नेमकं कुठलं असतं?

ते असतं पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन विमानतळांमधलं सगळ्यात कमी अंतर. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात नागपूर मध्ये आणि अमेरिका डावीकडे दिसते. त्यामुळे आपल्याला वाटतं की विमान अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक महासागर असं पश्चिमेला जाणार.

पण हाच प्रयोग पृथ्वीच्या गोलावर करून पाहा. एक दोरा घ्या, एक टोक नागपूरवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणा. दोरा पश्चिमेला जातच नाही. तो उत्तरेकडे, तोही किंचित पूर्वेला कललेला निघतो. हिमालय, तिबेट, चीन, रशियाचा सायबेरिया असं करत तो जवळपास ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक समुद्रापर्यंत चढतो. तिथून अलास्कावरून खाली उतरत कॅलिफोर्नियाला पोहोचतो.

१३,११० किलोमीटर हे या दोऱ्याचं अंतर आहे. पण या दोऱ्यावरून आज एकही प्रवासी विमान नागपूरहून जात नाही.

नागपूरहून थेट विमान का नाही? विमानाला तेवढं उडता येत नाही का?

येतं. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर १५,३०० किलोमीटरहून जास्त आहे आणि सिंगापूर एअरलाइन्सचं विमान ते मध्ये कुठेही न थांबता कापतं. म्हणजे यंत्राची अडचण नाही.

अडचण प्रवाशांच्या संख्येची आहे. इतक्या लांब उडणाऱ्या विमानात साधारण अडीचशे ते साडेतीनशे जागा असतात. त्या फक्त एका शहरासाठी, आठवड्यातून अनेक वेळा, वर्षभर भरायला हव्यात. विदर्भातून अमेरिकेला जाणारे लोक आहेत, पण कुणी न्यूयॉर्कला जातं, कुणी शिकागोला, कुणी डॅलसला. एकाच शहराचं अख्खं विमान त्यातून भरत नाही.

म्हणून विमान कंपन्या मोठ्या केंद्रावर प्रवासी गोळा करतात. आपल्याकडे खेड्यातली एसटी तालुक्याला आणते आणि तिथून जिल्ह्याची गाडी मिळते, तसंच. नागपूरकरांसाठी असे तीन मोठे 'स्टँड' आहेत: दिल्ली, मुंबई आणि दोहा. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून दोहासाठी कतार एअरवेजची आणि शारजासाठी एअर अरेबियाची सेवा गेली अनेक वर्षं ओळखीची आहे.

मग दोहा जवळचं की दिल्ली?

इथे आकडे डोळे उघडणारे आहेत. सगळी अंतरं सरळ दोऱ्याची, साधारण किलोमीटरमध्ये:

- नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को, थेट: १३,११०
- नागपूर–दिल्ली ८५५, पुढे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को १२,३८०, एकूण १३,२३५
- नागपूर–मुंबई ६८५, पुढे मुंबई–सॅन फ्रान्सिस्को १३,५१०, एकूण १४,१९५
- नागपूर–दोहा २,८४०, पुढे दोहा–सॅन फ्रान्सिस्को १२,९९०, एकूण १५,८३०

दोहाची ओळ पुन्हा वाचा. नागपूरहून २,८४० किलोमीटर उडून तुम्ही दोहाला उतरता, म्हणजे चार-साडेचार तास विमानात बसता. आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को किती दूर? १२,९९० किलोमीटर. म्हणजे एवढं उडूनही तुम्ही मुक्कामाच्या फक्त १२० किलोमीटर जवळ आलेले असता. वर्धा ते नागपूर जाऊन परत येण्याएवढंसुद्धा नाही.

दिल्ली मात्र नेमकी वाटेवर आहे. दिल्लीवरून गेलं तर थेट मार्गापेक्षा फक्त सव्वाशे किलोमीटर जास्त पडतात.

पण म्हणून दोहा वाईट असं नाही. न्यूयॉर्कला जायचं असेल तर गणित बदलतं. नागपूर–न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर आणि दोहामार्गे १३,६१०. फरक हजार किलोमीटरचा, म्हणजे तासाभराहून थोडा जास्त. सॅन फ्रान्सिस्कोला हाच फरक २,७०० किलोमीटरचा, म्हणजे तीन तासांचा होतो. थोडक्यात, आखाती देशांमार्गे जाणं युरोप आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी सोयीचं, पश्चिम किनाऱ्यासाठी वळशाचं.

तरीही लोक दोहामार्गे जातात, कारण नागपूरलाच आंतरराष्ट्रीय विमानात बसता येतं, सामान थेट शेवटच्या विमानतळावर मिळतं आणि दिल्लीत टर्मिनल बदलण्याची दगदग वाचते.

विमान सरळ रेषेतच का उडत नाही?

यामागे तीन मोठी कारणं आहेत: डोंगर, वारा आणि राजकारण.

आधी डोंगर. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास १५ हजार फूट आहे. विमानातला हवेचा दाब अचानक कमी झाला तर वैमानिकाला साधारण १० हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो. तिबेटवर असताना खाली यायला जागाच नसते. म्हणून बहुतेक विमानं हा भाग टाळतात.

दुसरा वारा. ३० ते ४० हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. पाठीशी असला तर हा वारा विमानाला ढकलतो आणि समोरून आला तर अडवतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एअर इंडियाचंच आहे. त्यांचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेला, पॅसिफिक महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, पण विमान साडेचौदा तासांत पोहोचलं. १,४०० किलोमीटर जास्त उडूनही आधीपेक्षा कमी वेळात! पाठीवरच्या वाऱ्याने ती किमया केली.

म्हणजे 'जास्त अंतर, जास्त वेळ' हा रस्त्यावरचा नियम आकाशात नेहमी चालत नाही.

तिसरा वेगळा मार्ग उत्तर ध्रुवाचा. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाच्या सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू हे जवळपास १४ हजार किलोमीटरचं उड्डाण उत्तर ध्रुवावरून केलं होतं. त्याची तेव्हा देशभर चर्चा झाली.

राजकारणाचा वेळेशी काय संबंध?

आजघडीला सगळ्यात मोठा संबंध तोच आहे.

प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाच्या मालकीचं असतं. दुसऱ्या देशाच्या विमानाला तिथून जायचं तर परवानगी लागते आणि शुल्कही भरावं लागतं. ही परवानगी एका रात्रीत बंद होऊ शकते.

पहलगाममधल्या दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं. ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांसाठी तेच केलं. पुढे ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवली गेली. त्यामुळे दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी गुजरात आणि अरबी समुद्राकडे खाली यायचं आणि मग पश्चिमेला वळायचं, असा वळसा सुरू झाला. काही विमानांना इंधन भरायला व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावं लागलं. बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा जादा खर्च येईल, असा एअर इंडियाचा अंदाज तेव्हा बातम्यांमध्ये आला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून कंपनीने दिल्ली–वॉशिंग्टन सेवाच थांबवली. विमानांच्या नूतनीकरणामुळे कमी पडणारी विमानं आणि पाकिस्तानचं बंद आकाश, अशी दोन्ही कारणं कंपनीने दिली.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळातही पाकिस्तानचं आकाश बंद होतं. तेव्हा २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं होतं.

दुसरीकडे, युक्रेन युद्धानंतर २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. युनायटेड एअरलाइन्सने त्याच वर्षी मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली आणि नेवार्क–मुंबई या सेवा थांबवल्या. एअर इंडियाला मात्र रशियावरून जाता येतं.

यातून एक विचित्र चित्र तयार झालं. अमेरिकन विमान पाकिस्तानवरून जाऊ शकतं, पण रशियावरून नाही. भारतीय विमान रशियावरून जाऊ शकतं, पण पाकिस्तानवरून नाही. शहरं तीच, अंतर तेच, पण तिकिटावर कुठल्या कंपनीचं नाव आहे यावर तुमचा वेळ ठरतो.

दोहाचा मार्ग तरी सुरक्षित आहे का?

कतारच्या विमानांना पाकिस्तानची ही बंदी लागू नाही. पण आखाताचे स्वतःचे ताण आहेत. २३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या अल उदेद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली. त्या संध्याकाळी कतारने काही तासांसाठी आपलं आकाश बंद केलं. दोहाकडे निघालेली विमानं दुसरीकडे वळवावी लागली आणि हजारो प्रवाशांचं पुढचं विमान चुकलं. बंदी काही तासांची होती, पण वेळापत्रक रुळावर यायला त्याहून जास्त वेळ गेला.

देशांतर्गत टप्पाही गृहीत धरता येत नाही. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला वैमानिकांच्या ड्युटीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं आणि ५ डिसेंबरला एकाच दिवशी हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. नागपूर–दिल्ली किंवा नागपूर–मुंबई हा छोटा टप्पा चुकला की पुढचे १२ हजार किलोमीटर तिथेच अडकतात.

मग दारापासून दारापर्यंत खरा वेळ किती?

सगळं सुरळीत झालं असं धरून दोहामार्गे साधा हिशेब:

- वर्धा ते नागपूर विमानतळ, बुटीबोरीमार्गे: दीड तास
- आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी पोहोचणं: ३ तास
- नागपूर–दोहा: साधारण साडेचार तास
- दोहात थांबा: किमान ३ तास धरा
- दोहा–सॅन फ्रान्सिस्को: साधारण १६ तास
- इमिग्रेशन आणि सामान: एक तास

बेरीज २९ तास. दोहातला थांबा आठ तासांचा असेल तर ३४.

दिल्लीमार्गे: दीड तास रस्ता, दोन तास आधी पोहोचणं, पावणेदोन तास दिल्लीपर्यंत, तिथे किमान चार तास, पुढे १६ तासांच्या आसपास आणि शेवटी एक तास. एकूण सव्वासव्वीस तास. पण दिल्लीत अनेक देशांतर्गत विमानं टर्मिनल १ वर उतरतात आणि आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल ३ वरून सुटतात. त्यामुळे चार तासांपेक्षा कमी वेळ ठेवणं धोक्याचं.

आर्वी, आष्टी, कारंजा भागातून नागपूर विमानतळ आणखी लांब पडतो. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी अलायन्स एअरची सेवा सुरू झाली आहे. वेळ जुळत असेल तर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या लोकांना तोही पर्याय पाहता येईल.

तिकिटावर तर अडीच तासांतच पोहोचल्याचं दिसतं, ते कसं?

ही घड्याळाची गंमत आहे. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं. समजा, १५ जानेवारीला पहाटे ४ वाजता दिल्लीहून विमान निघालं आणि १६ तास उडालं. भारतात तेव्हा रात्रीचे ८ वाजलेले असतील, पण सॅन फ्रान्सिस्कोत त्याच तारखेची सकाळ, साडेसहा. तिकिटावर तारीख तीच, वेळ फक्त अडीच तास पुढे.

परत येताना हाच हिशेब उलटा फिरतो आणि तोच घरच्यांना समजायला हवा. हिवाळ्यात मुलगा तिकडे गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता घरून निघाला, तर आपल्याकडे शुक्रवारची सकाळ उजाडून साडेसहा वाजलेले असतात. त्यापुढे २९ तास धरले तर तो वर्ध्याला पोहोचणार शनिवारी सकाळी साडेअकराला. 'गुरुवारी निघाला' हे शब्द ऐकून शुक्रवारी रात्री वाट पाहणाऱ्या घरात काळजी वाढते, ती या गणितामुळे. त्यात तिकीट मिळायला लागणारा वेळ धरला तर दोन दिवसांच्या आत पोहोचणं अवघडच. दवाखान्यातला निर्णय असो की अंत्यसंस्काराची वेळ ठरवणं असो, हा आकडा आधीच माहीत असलेला बरा.

तिकीट काढताना काय पाहायचं?

पहिली गोष्ट, शक्यतो सगळा प्रवास एकाच पीएनआरवर काढा. पहिलं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकलं, तर दुसऱ्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची राहते. नागपूर–दिल्लीचं तिकीट एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं वेगवेगळं काढलं, तर पुढचं तिकीट वाया जाऊ शकतं. थोडे पैसे वाचवायला वेगळी तिकिटं काढायचीच असतील, तर मधे चांगला मोठा वेळ ठेवा.

दुसरी, 'थेट' या शब्दाकडे नीट बघा. 'डायरेक्ट' म्हणजे उड्डाण क्रमांक एकच, पण विमान मधे थांबू शकतं. न थांबता जाणारं विमान म्हणजे 'नॉनस्टॉप'.

तिसरी, उड्डाण रद्द झालं तर पर्यायी विमान किंवा पैसे परत, यातलं एक मागण्याचा हक्क भारतातल्या विमान वाहतूक नियमांनी प्रवाशाला दिला आहे. मात्र आकाश बंद होणं, युद्ध, खराब हवामान अशा कंपनीच्या हातात नसलेल्या कारणांसाठी वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही.

चौथी, मार्गातल्या देशाचे ट्रांझिट व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी तपासा. घाईच्या वेळी माणूस इथेच अडकतो.

पुढे हे अंतर कमी होईल का?

नागपूर विमानतळाच्या सुमारे ७ हजार कोटी रुपयांच्या विस्ताराची पायाभरणी ९ ऑक्टोबर २०२४ ला झाली आहे. नवी टर्मिनल इमारत आणि जास्त क्षमता आली तर आणखी शहरांना जोडणी मिळू शकते. पण फक्त इमारतीने थेट अमेरिकेचं विमान येणार नाही. त्यासाठी रोज भरणारी विमानं लागतील, आणि ती वाट अजून लांब आहे. त्याआधी उपयोगाचं ठरेल ते दिल्ली, मुंबई आणि आखाताशी चांगल्या वेळेचं जोडणारं विमान. दोहातला आठ तासांचा थांबा तीन तासांवर आला, तरी वर्ध्याच्या प्रवाशाचे पाच तास वाचतात. एवढा वेळ विमानाचा वेग वाढवून कधीच वाचणार नाही.

तोवर कुणी 'किती लांब आहे रे अमेरिका?' असं विचारलं, तर किलोमीटर सांगू नका, तास सांगा. सॅन फ्रान्सिस्कोसाठी किमान सव्वासव्वीस, साधारण २९, आणि आकाश किंवा वेळापत्रक बिघडलं तर त्याहून जास्त.